झॅप-70 चा बँड आणि एका अँटिबॉडीमागे गेलेले बारा आठवडे

काम काय होतं ते आधी दोन ओळींत सांगते. टी पेशीला बाहेरून इशारा मिळाला की आत झॅप-70 नावाचं कायनेज (फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) जागं होतं आणि एलसीके हे दुसरं कायनेज त्याच्या 319 व्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतं. ते चढलंय की नाही, हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून, अँटिबॉडीने शोधायची) दाखवायचं, बस. आमच्या लॅबमध्ये हे वर्षानुवर्षं चालू होतं. ते फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीची जुनी व्हायल (कुपी) संपली, नवी आली आणि माझा पावसाळा त्यात गेला. प्रयोगवहीतल्या नोंदी थोड्या सावरून उतरवल्या आहेत. शिव्या काढल्या, चुका ठेवल्या.

8 जुलै 2024, सोमवार

नवी व्हायल आली. सशात तयार केलेली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण), फॉस्फो-319 (फॉस्फेट चढलेलं 319 ओळखणारी), 100 मायक्रोलिटर, करासहित 43,000 रुपये. मागणी एप्रिलमध्ये टाकली होती. तीन कोटेशन, जेमवर (सरकारी खरेदी पोर्टलवर) मिळत नसल्याचा दाखला, खरेदी समिती, मग परदेशातून ड्राय आइसमध्ये पुण्यापर्यंत. जुन्या व्हायलवरचाच कॅटलॉग नंबर, लॉट मात्र वेगळा. त्या दिवशी लॉट नंबर वहीत लिहिला नाही. व्हायलवर आहेच की, म्हटलं.

योजना साधी. जुरकॅट पेशी (टी पेशींची ल्युकेमियातून आलेली लाइन), त्यांना ओकेटी3 ही सीडी3 ला चिकटणारी अँटिबॉडी द्यायची, 37 अंशांवर दोन मिनिटं, मग पेशी फोडायच्या. दर नळीत 20 लाख पेशी आणि एक नळी म्हणजे एक लेन. 8 टक्क्यांचं जेल. फॉस्फो-झॅपसाठी ही नवी अँटिबॉडी आणि एकूण झॅपसाठी फ्रिजरमधली जुनी, उंदरातली मोनोक्लोनल.

10 जुलै

कोरा ब्लॉट. फिका बँडही नाही, पार्श्वभूमीचा डागही नाही. ॲक्टिनसुद्धा (सगळ्या पेशींत असणारं, तुलनेसाठीचं प्रथिन) नाही. पाँसो रंगात (तो मेम्ब्रेनवरची सगळी प्रथिनं दाखवतो) ट्रान्स्फर छान दिसला होता, म्हणजे प्रथिन मेम्ब्रेनवर आहे. रात्री साडेनऊपर्यंत एक्सपोजर वाढवत बसले. दहा मिनिटांच्या एक्सपोजरला मशीनचा स्वतःचाच गोंगाट दिसायला लागला.

11 जुलै, गुरुवार

महापालिकेचं पाणी बंद. बर्फाचं मशीन थेट लाइनवर आहे, त्यामुळे बर्फही नाही. पेशी फोडायचं काम होणार नव्हतं, म्हणून कालच्या कोऱ्या ब्लॉटचा शोध घेतला.

प्रायमरी अँटिबॉडी प्रथिनाला चिकटते, सेकंडरी त्या प्रायमरीला. सेकंडरी अँटिबॉडीचा एक थेंब मेम्ब्रेनच्या कपट्यावर ठेवला आणि वर ईसीएल (सेकंडरीवरच्या एन्झाइममुळे चमकणारं द्रावण) टाकलं. थेंब चमकायला हवा. चमकला नाही. मूळ व्हायलमधून ताजा थेंब घेतला, तर लगेच लखलखला. म्हणजे व्हायल ठीक होती, मी पातळ करून ठेवलेली सेकंडरी मेलेली होती. बाटली उलटी करून पाहिली, तर तळाला माझ्याच अक्षरात: बीएसए 5 टक्के + अझाइड. (बीएसए म्हणजे गाईचं अल्ब्युमिन.)

सोडियम अझाइड बुरशी रोखतं. प्रायमरी अँटिबॉडी पुन्हा वापरायची असेल तर घालतातच. पण सेकंडरीला जोडलेल्या एचआरपी एन्झाइमला ते मारून टाकतं. हे मी एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत सांगितलं होतं. दोन दिवस आणि एक मेम्ब्रेन गेली. आता अझाइडच्या बाटलीवर लाल टेप आहे.

नवं कोणी हे काम करणार असेल तर थेंबाची चाचणी आधी करा. पाच मिनिटं लागतात.

15 जुलै

बँड आला आणि कसला आला! ओकेटी3 दिलेल्या लेनमध्ये 50 किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक; झॅप स्वतः 70 चं) आसपास जाडजूड, न दिलेल्या लेनमध्ये काही नाही. 70 च्या जागी फिका बँड सगळीकडे सारखाच. मॅडमना फोटो पाठवून वर लिहिलं, "उत्तेजित केल्यावर झॅपचा तुकडा पडतोय असं वाटतंय, कुठेच वाचलेलं नाही." मॅडमचं उत्तर आलं: "25 ला काय दिसतंय?"

जेल तिथपर्यंत ठेवलंच नव्हतं. खालचा भाग कापून टाकला होता.

16 जुलै

मॅडमचा प्रश्न रात्री डोक्यात उतरला. ओकेटी3 उंदराची अँटिबॉडी. एकूण झॅपची प्रायमरीही उंदराची. सेकंडरी उंदरविरोधी. पेशींबरोबर ओकेटी3 जेलमध्ये गेली, तिच्या जड साखळ्या 50 ला आणि हलक्या 25 ला बसल्या आणि सेकंडरीने त्याच मोठ्या प्रेमाने दाखवल्या. माझा 'तुकडा' म्हणजे मी ओतलेलं औषधच.

सकाळी पूर्ण जेल ठेवून पुन्हा केलं. 25 ला बँड होताच.

शेजारच्या लॅबमधून सशातली एकूण-झॅप अँटिबॉडी 10 मायक्रोलिटर उसनी आणली. बदल्यात त्यांना दोन पेट्या टिप्स दिल्या. उद्या आषाढी, सुट्टी.

22 जुलै

आता खरी अडचण. एकूण झॅप नीट 70 ला. फॉस्फो-झॅप शून्य मिनिटालाही आहे, दोनलाही आहे, पाचलाही आहे. तिन्ही सारखे. उत्तेजन दिलं काय, न दिलं काय.

पहिला संशय स्वतःवर, आणि तो बरोबर निघाला. निदान अर्धा.

एक म्हणजे वेळ. मी दोन मिनिटं ओकेटी3 देऊन मग सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं पेशी बसवत होते आणि त्यानंतर लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) घालत होते. वहीत '2 मिनिटं' लिहिलेली नळी खरं तर सात मिनिटांची होती. झॅपचं फॉस्फेट पहिल्या एक-दोन मिनिटांत शिखरावर जातं. मी त्याला उतरायला पुरेसा अवधी देत होते. शून्य मिनिटाची नळीही तशीच फिरवली, ढवळली, दाबली जात होती.

दुसरं व्हॅनाडेट. टायरोसिनवरचं फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमांना थोपवायला लायसिस बफरमध्ये 1 मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालतो. डीप फ्रीजमधली नळी वितळवली तर हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. पिवळं व्हॅनाडेट म्हणजे रेणू एकमेकांना चिकटून साखळ्या झालेलं. त्याचा उपयोग फारसा होत नाही. नळीवर तारीख नाही, नाव नाही.

आणि तिसरं. बफरमध्ये कुणीतरी डीटीटी (प्रथिनांतले बंध सोडवणारं रसायन) घालून ठेवलं होतं. डीटीटी आणि धातू पकडून ठेवणारं ईडीटीए, दोन्ही व्हॅनाडेटला निकामी करतात. म्हणजे पिवळं नसतं तरी फायदा नव्हता.

25 जुलै, गुरुवार

खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. मी वडगावला राहते, घराबाहेर पडलेच नाही. दुपारी मामांना (आमचे लॅब अटेंडंट) फोन करून फ्रीजरची वीज चालू आहे ना, एवढं विचारलं. "चालू आहे, तुम्ही आधी तुमचं घर बघा," म्हणाले.

26 ते 29 जुलै

व्हॅनाडेट नव्याने केलं. कृती लिहून ठेवते, कारण दर लॅबमध्ये ती कुणाच्या तरी डोक्यात असते आणि ते कुणीतरी पोस्टडॉकला निघून गेलेलं असतं.

200 मिलिमोलर द्रावण. पीएच 10 ला आणलं की पिवळं होतं. उकळायचं, रंग जाईपर्यंत. गार करायचं, पुन्हा पीएच 10. परत पिवळसर झालं तर परत उकळायचं. पीएच 10 ला रंगहीन राहिलं की झालं. मला तीन फेऱ्या लागल्या. लहान लहान भाग करून उणे 20 ला.

सेंट्रिफ्यूज काढूनच टाकलं. आता 100 मायक्रोलिटर पेशींवर वेळ संपताच तेवढाच दुप्पट तीव्रतेचा गरम सॅम्पल बफर थेट ओतते. काम तिथल्या तिथे थांबतं आणि प्रथिनं उलगडून गेल्यामुळे फॉस्फेट उतरवणारं कुणी उरतच नाही. तोटा असा की डीएनए सुटून शेंबडासारखं होतं, पिपेटमध्ये येत नाही. इन्सुलिनच्या सिरिंजमधून दहा वेळा ओढलं-सोडलं की पातळ होतं. सिरिंज औषधाच्या दुकानातून आणल्या. दुकानदाराने एकदा माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

निकाल: दोन मिनिटांचा बँड आता शून्यापेक्षा ठळक. पण शून्य अजून भरपूर उजळ. जुन्या व्हायलच्या काळातल्या ब्लॉटमध्ये शून्याची लेन जवळपास रिकामी असायची.

1 ऑगस्ट

जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते आज केलं. हेक 293 पेशींचा लायसेट (पेशी फोडून मिळालेला रस) शेजारी लावला. या मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशी. यांच्यात झॅप-70 नसतं, म्हणून तर लोक त्यात झॅप बाहेरून घालून प्रयोग करतात. एकूण-झॅप अँटिबॉडीने हेकची लेन स्वच्छ रिकामी दाखवली. फॉस्फो-319 ने हेकमध्येही 70 ला बँड दाखवला.

इतका वेळ मी ज्याला झॅप म्हणत होते, त्यातलं झॅप किती?

2 ते 6 ऑगस्ट

अल्ब्युमिनचा नाद. यात चार दिवस गेले, तरी लिहिते, कारण 70 च्या प्रथिनावर काम करणाऱ्या कुणालाही हे भेटणारच.

पेशी वाढवायच्या माध्यमात 10 टक्के गाईच्या वासराचं सीरम असतं. त्यातलं मुख्य प्रथिन अल्ब्युमिन 66 चं, आपल्या बँडच्या अगदी खेटून. पेशी नीट धुतल्या नाहीत तर अल्ब्युमिनचा फुगवटा त्या भागात बसतो, शेजारचे बँड वाकवतो आणि अँटिबॉडी त्यावर थोडीफार चिकटतेही. माझ्या पाँसोच्या फोटोत 66 ला जाड पट्टा दिसतच होता. आठवडाभर तो मला 'छान ट्रान्स्फर' वाटत होता.

एका लेनमध्ये नुसतं सीरम पातळ करून लावलं. 66 ला डाग आला. सीरमविरहित माध्यमात तीनदा धुतलेल्या पेशी लावल्या, तर पाँसोतला पट्टा गेला आणि बँडची कडा सरळ झाली. पण हेकमधला 70 तसाच. म्हणजे अल्ब्युमिन होतंच, पण चोर वेगळा होता.

ब्लॉकिंग (अँटिबॉडीआधी मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा प्रथिनाने भरणं) दुधात आणि बीएसएत दोन्हीकडे करून पाहिलं. दुधात केसिन असतं आणि ते स्वतः फॉस्फेट बाळगून असतं, म्हणून फॉस्फो-अँटिबॉडीसाठी मी बीएसए वापरते. दुधात पार्श्वभूमी थोडी कमी झाली, चोर तिथेच.

9 ऑगस्ट

लॅम्डा फॉस्फेटेज. हे एन्झाइम टायरोसिन, सेरीन, थ्रिओनीन, सगळ्यांवरचं फॉस्फेट उतरवतं. लायसेटला ते लावलं आणि बँड गेला, तर अँटिबॉडी फॉस्फेट पाहतेय. राहिला तर दुसरंच काही पाहतेय.

बँड राहिला. सापडली, म्हणून टेबलावर हात आपटला. मग ज्युनिअर म्हणाली, "ताई, लायसेट कुठला घेतलास?"

व्हॅनाडेटवाला. एन्झाइमचा गळा मीच आवळून ठेवला होता आणि काम का करत नाही म्हणून विचारत होते. एन्झाइम महाग, एका प्रयोगाला साधारण 900 रुपयांचं.

13 ऑगस्ट

पुन्हा, नीट. यासाठी गरम सॅम्पल बफर चालत नाही, एन्झाइमही उलगडून जाईल. बर्फावर एनपी-40 (सौम्य डिटर्जंट) चा बफर, त्यात व्हॅनाडेट नाही, ईडीटीए नाही (एन्झाइमला मँगनीज लागतं, ईडीटीए ते पकडून ठेवतं). एका भागात एन्झाइम आणि मँगनीज, 30 अंशांवर अर्धा तास. दुसऱ्या भागात एन्झाइमऐवजी व्हॅनाडेट. तो भाग नसेल तर पेशींच्या स्वतःच्या एन्झाइमांनी काय केलं आणि मी ओतलेल्याने काय केलं, हे वेगळं करता येत नाही.

जुरकॅट, दोन मिनिटं: व्हॅनाडेटच्या भागात ठळक, फॉस्फेटेजच्या भागात साधारण निम्मा. हेक: दोन्हीकडे सारखा.

आता चित्र लागलं. 70 च्या जागी दोन बँड एकावर एक बसलेत. एक खरा फॉस्फो-झॅप. दुसरा फॉस्फेटशी संबंध नसलेलं कुठलं तरी प्रथिन, जे हेकमध्येही आहे. शून्य मिनिटाला दिसत होतं ते बहुतांश दुसरं.

16 ऑगस्ट

मामांनी जुन्या रिकाम्या व्हायल टाकल्या नव्हत्या. ते काहीच टाकत नाहीत, आम्ही हसतो त्यांना. जुन्या लॉटची व्हायल डब्यात मिळाली. थोडा वेळ फिरवल्यावर तळाला तीन मायक्रोलिटर जमले. अँटिबॉडी 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये असते, उणे 20 ला गोठत नाही, त्यामुळे अजून जिवंत असेल अशी आशा.

एकच जेल, एकच लायसेट, दोनदा लावलेलं. मेम्ब्रेन मधोमध कापली. डाव्या अर्ध्याला जुना लॉट, उजव्याला नवा. बाकी सगळं एक.

डावीकडे शून्य जवळपास कोरं, दोन मिनिटं ठळक, हेक कोरं. उजवीकडे सगळ्या लेनमध्ये 70.

त्या फोटोचा प्रिंट काढून बाकावर चिकटवला. पाच आठवडे लागले, पण कापलेल्या एका मेम्ब्रेनवर सगळं सिद्ध झालं. लॉट बदलल्या दिवशी जुन्या व्हायलचे पाच मायक्रोलिटर राखून ठेवले असते तर हे 10 जुलैलाच झालं असतं.

पॉलिक्लोनल म्हणजे काय, तर एका सशाच्या रक्तातल्या अनेक अँटिबॉडींचं मिश्रण. ससा बदलला किंवा त्याच सशाचं रक्त पुढच्या वेळी काढलं, की मिश्रण बदलतं. नको त्या अँटिबॉडी काढायला कारखान्यात फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडवरून गाळतात. ते गाळणं या लॉटमध्ये कमी पडलं असावं. हा माझा अंदाज.

20 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर

तक्रार केली. वितरकाचं नाव लिहीत नाही. पहिलं उत्तर: तुमचा प्रोटोकॉल पाठवा. पाठवला. दुसरं: डायल्युशन 1:500 करून पाहा (म्हणजे दुप्पट अँटिबॉडी खर्च). करून दाखवलं, दोन्ही बँड दुप्पट झाले. तिसरं: तुमच्या पेशींची ओळख तपासली आहे का? प्रश्न रास्त होता, एसटीआर अहवाल (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारा) पाठवला. मग कापलेल्या मेम्ब्रेनचा फोटो पाठवला, तेव्हा मात्र भाषा बदलली आणि फुकट व्हायल बदलून द्यायचं ठरलं.

2 सप्टेंबरला बदली व्हायल आली. लॉट नंबर तोच.

वितरकाचा मुलगा फोनवर खरंच ओशाळला होता. त्याच्या गोदामात दुसरा लॉटच नव्हता. भांडायचा जोर उरला नव्हता. व्हायलवर 'फक्त शिकवण्यासाठी' लिहून ठेवून दिली. नवख्या मुलांना जेल चालवायला चालेल.

5 सप्टेंबर

मॅडमशी बोलून ठरलं की रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घ्यायची. म्हणजे एकाच अँटिबॉडीचा जनुकक्रम माहीत असलेली आणि पेशींमध्ये तयार केलेली. सशाच्या तब्येतीवर अवलंबून नाही. 20 मायक्रोलिटरचं छोटं पॅक, 18,500. कंटिन्जन्सीतून (किरकोळ खर्चाच्या निधीतून). बेंगळुरूच्या साठ्यात होती, आठ दिवसांत येईल म्हणाले.

त्याच दिवशी दुसऱ्या संस्थेतल्या ओळखीच्या लॅबकडून पी116 पेशी आल्या. या जुरकॅटच्याच, पण झॅप-70 नसलेल्या. हेक वेगळ्याच अवयवातली, तिच्या कोऱ्या लेनवरून 'झॅप नाही म्हणूनच बँड नाही' असं ठामपणे म्हणता येत नाही. पी116 मध्ये बाकी सगळं टी पेशीचं, फक्त आपलं प्रथिन गायब. अँटिबॉडीची परीक्षा घ्यायला याहून नेमकं काही मिळणार नाही. मे महिन्यातच मागायला हव्या होत्या. मागितल्या तर आठवड्यात मिळाल्या.

7 ते 17 सप्टेंबर

गणपती. व्हायल 13 तारखेला आली, ज्युनिअरने फ्रीजरात ठेवली. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरात नाही ना, हे मी गावाहून फोन करून दोनदा विचारलं. पी116 ना माझ्या गैरहजेरीत तिनेच खाऊ घातलं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड ओलांडून लॅबला जायचा प्रश्नच नव्हता. पेशी गर्दी करून बसल्या. दाट झालेल्या जुरकॅट बिघडतात, म्हणून 18 ला पातळ करून चार दिवस सावरायला दिले.

23 सप्टेंबर

लेन अशा: जुरकॅट 0, 1, 2, 5, 10 मिनिटं. जुरकॅट 2 मिनिटं, आधी अर्धा तास पीपी2 (एलसीके आणि त्याच्या भावंडांना थोपवणारं रसायन, 10 मायक्रोमोलर). पी116 शून्य आणि दोन मिनिटं. हेक. अँटिबॉडी 1:2000, 4 मिलिलिटरमध्ये, म्हणजे एका ब्लॉटला 2 मायक्रोलिटर. रात्रभर 4 अंशांवर.

शून्य: फिकट रेघ, डोळे बारीक केले तर दिसते. एक: ठळक. दोन: सर्वांत ठळक. पाच: उतरलेला. दहा: त्याहून खाली. पीपी2: शून्यासारखा. पी116 दोन्ही कोऱ्या. हेक कोरी.

मेम्ब्रेन स्ट्रिप न करता (म्हणजे आधीची अँटिबॉडी धुऊन तीच पुन्हा न वापरता) दुसऱ्या जेलवर एकूण-झॅप केलं. स्ट्रिप केलेल्या मेम्ब्रेनवर सशाच्या मागे पुन्हा सशाची अँटिबॉडी लावली की उरलेसुरलेले भास दिसतात, यावेळी तो धोका घ्यायचा नव्हता. जुरकॅटमध्ये सगळीकडे सारखं, पी116 मध्ये नाही. ॲक्टिन सगळीकडे.

मॅडमना फोटो पाठवला. उत्तर: "25 पर्यंत ठेवलंस ना?" ठेवलं होतं.

26 सप्टेंबर, गुरुवार

आनंद तीन दिवस टिकला. प्रकल्प जुरकॅटवर संपत नाही, रक्तदात्यांच्या पेशींवर करायचाय. फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर) वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशी, ओकेटी3, दोन मिनिटं. 70 च्या जागी रुंद, दोन पदरी वाटणारा बँड.

माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापलेलं आहे आणि मी ते वाचूनही विसरले होते: ही अँटिबॉडी झॅपचं 319 पाहते तसंच सिकचं 352 ही पाहते. सिक हे झॅपचं सख्खं भावंड, 72 चं, आणि त्या जागेभोवतीचा क्रम जवळजवळ सारखा. जुरकॅटमध्ये सिक नगण्य, म्हणून तिथे प्रश्न आला नाही. पण रक्तातल्या बी पेशी, मोनोसाइट्स आणि सोबत आलेल्या प्लेटलेट्स, सगळ्यांत सिक भरपूर. त्यात ओकेटी3 ची शेपटी मोनोसाइटच्या एफसी रिसेप्टरला धरते आणि तिथे सिक जागं होऊ शकतं. म्हणजे टी पेशीला इशारा देताना शेजाऱ्याचीही बेल वाजते.

अँटिबॉडीचा यात दोष नाही. उपाय एकच, आधी टी पेशी वेगळ्या काढायच्या. न चिकटवता वेगळ्या काढणारी किट, म्हणजे बाकीच्यांना पकडून टी पेशी मोकळ्या सोडणारी. टी पेशींनाच सीडी3 ने पकडणारी किट घेतली तर वेगळ्या करतानाच त्या उत्तेजित होतील. किटची किंमत विचारली आहे. आकडा मॅडमना सोमवारी सांगेन, आज त्यांचा उपास आहे.

30 सप्टेंबर, सोमवार

फ्रीजरच्या डब्याला आता यादी चिकटवली आहे. प्रत्येक व्हायलचा लॉट नंबर, उघडल्याची तारीख, कुठल्या पेशींवर तपासली आणि नकारार्थी लेन कोणती होती. जुन्या लॉटचे पाच मायक्रोलिटर ठेवायला वेगळा खण. हेक आणि पी116 चे लायसेट वीस-वीस नळ्या करून उणे 80 ला.

खर्च: अँटिबॉडी दोन, 61,500. लॅम्डा फॉस्फेटेज दोनदा, 1,800. मेम्ब्रेन आणि ईसीएल माझ्या हिशेबाने 14,000 च्या आसपास. इन्सुलिनच्या सिरिंज 120, त्या माझ्या खिशातून. ब्लॉट एकूण 31, त्यातले प्रबंधात जाण्यासारखे दोन.

नव्या व्हायलमधले आठ मायक्रोलिटर वापरले, बारा उरले. एका ब्लॉटला दोन, म्हणजे सहा. पातळ केलेली प्रायमरी अझाइड घालून तीनदा वापरता येते म्हणतात, पण शेवटच्या आकृतीसाठी ताजीच वापरणार. तीन दात्यांचे तीन आणि दोन राखीव, असे पाच ब्लॉट लागतील. बिघडवायला एक आहे.